अकरा तळ्यांचा काला

गुणाकाकांनी दोरी ओढून खाण्याचा ट्रे वर घेतला, एकदा पाहिलं आणि तसाच पाण्यात सोडून दिला. मी मधल्या बांधावर उभी होते. ट्रेमध्ये काय होतं ते मला तिथूनही दिसलं. सकाळी सहाला टाकलेलं खाणं आठ वाजता जसंच्या तसं. कोळंबी पाळणाऱ्याला यापुढे काही सांगावं लागत नाही. ट्रे रिकामा आला तर खाली पंगत नीट चाललीय. भरलेला आला तर खाली मरण चाललंय.

"तुझा?" काकांनी विचारलं.

"रिकामा," मी म्हटलं, आणि मला लाज वाटली.

वेळंब्याच्या खाडीकाठी अकरा घरांची अकरा तळी. त्यातल्या दहा तळ्यांमध्ये त्या कार्तिकात कोळंबी काठाला लागून निपचित पडत होती, आणि आमचं एकच तळं शहाण्यासारखं जेवत होतं. दुसऱ्याच्या घरी सुतक असताना आपल्याकडे तोरण लागावं, तसं. गुणाकाका माझ्या वडिलांचे बालमित्र. मला "बाय" म्हणणारे. त्या दिवशी त्यांनी 'बाय' म्हटलं नाही, सरळ घराकडे चालू लागले.

मरण आणणारा जिवाणू म्हणजे व्हिब्रिओ. तो काही बाहेरून आलेला नव्हे, खाडीचं पाणी आहे तिथे तो आहेच. पण एकटा असतो तेव्हा तो कुणाच्या वाट्याला जात नाही. आमच्या सप्ताहाचं उदाहरण घ्या. पहिल्या दिवशी मंडपात चार माणसं असतात, तेव्हा टाळ हळूच वाजतो, कुणी आवाज चढवत नाही. मंडप भरला की मात्र एकाच्या आवाजावर दुसऱ्याचा आवाज चढतो, आणि एकाच क्षणी सगळा गजर उठतो. व्हिब्रिओचं अगदी असंच आहे, फक्त तो गजर विषाचा. प्रत्येक जिवाणू पाण्यात एक बारीकसा रेणू सोडत राहतो. संख्या वाढली की त्या रेणूंची पाण्यात दाटी होते. त्या दाटीवरून प्रत्येकाला कळतं की आपण आता पुरेसे झालो, आणि मग सगळे मिळून विष सोडतात. कोळंबीचं आतडं एका दिवसात पांढरं पडतं.

औषधांनी मारायला गेलं की वाचलेले आणखी चिवट होतात, हे मागच्या पिढीनं भोगून पाहिलं होतं. म्हणून नऊ वर्षांपूर्वी नीलसत्त्व कंपनीनं 'प्रहरी' आणला. तोही जिवाणूच, पण उपकारी. त्याच्या अंगात असं विकर, म्हणजे एन्झाइम, घातलेलं होतं की ते व्हिब्रिओचा तो निरोपाचा रेणूच मधोमध कापायचं. शत्रू मारायचा नाही, त्याचा निरोप पोचू द्यायचा नाही. कल्पना देखणी होती, आणि खरं बोलायचं तर नऊ वर्षं तिनं आम्हाला सुखानं जगवलंही. प्रहरीला कंपनीनं एक कुलूप घातलं होतं. त्यांच्याच खाद्यातला एक घटक मिळाला नाही तर तो तीन दिवसांत मरायचा, म्हणून दर पंधरवड्याला त्या खाद्याची नवी पिशवी. तेही आम्ही मान्य केलं.

चूक पुढे झाली. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत प्रत्येक तळ्याच्या दारात तोच एक पहारेकरी, तीच एक कात्री. व्हिब्रिओनं नऊ वर्षं त्या एका कात्रीचा अभ्यास केला आणि आपल्या रेणूचं शेपूट जरासं बदललं. कात्री बसेना. बाकी काही घडलं नाही, पण सगळा किनारा एका आठवड्यात आजारी पडला.

कंपनीच्या आमच्या पट्ट्याचा जिवाणूतज्ज्ञ म्हणजे माझा धाकटा भाऊ श्रीरंग. तो सप्ताहाच्या चौथ्या दिवशी आला. देवळात डोकं टेकवण्याआधी तो तळ्यावर आला, तेव्हाच मला कळलं की बातमी वाईट आहे.

आमच्या तळ्याच्या ईशान्येच्या कोपऱ्यात छोट्या बांधानं वेगळा राखलेला, हातभर रुंद, कमरेइतका खोल खड्डा आहे. तो राखणदाराचा. गावाच्या सीमा राखणाऱ्या त्या देवाला जसा वर्षाचा मान द्यायचा, तसा तळ्यातला हा कोपरा त्याच्यासाठी ठेवायचा, अशी वेळंब्याची रीत. पीक काढल्यावर सगळं तळं उपसायचं, तळाला उन्हं द्यायची, पण हा खड्डा कोरडा करायचा नाही. त्यात चुना टाकायचा नाही, पाय घालायचा नाही. नवं बीज सोडताना त्यातलं पाच तांबे पाणी तळ्याला द्यायचं. कंपनीचा नियम याच्या बरोबर उलट होता. प्रत्येक पिकाआधी तळ पूर्ण वाळवून क्लोरीन मारायचं, एक ओला ठिपकासुद्धा राहता कामा नये. म्हणून आम्ही खड्ड्यावर फळी टाकून वर खाद्याची पोती रचून ठेवायचो. पाच वर्षं तपासणीला येत होता तो श्रीरंगच. ती पोती त्यानं कधी हलवली नाहीत.

त्या दिवशी त्यानं पोती बाजूला सारली आणि फळी स्वतः उचलली.

"ताई, यंदा यातलं पाणी तळ्याला दिलंस?"

"अप्पांनी दिलं. पाच तांबे. दर पिकाला देतात."

तो बांधावर बसला, बोटभर लांबीचं यंत्र काढलं आणि खड्ड्यातला थेंब त्यात सोडला. अशी यंत्रं आता तालुक्याच्या शाळेतही असतात. अर्ध्या तासात पाण्यात कोण कोण राहतं त्याची सगळी वंशावळ येते. ती वाचताना लहानपणी प्रसादाच्या ओळीत उभा असायचा तसा त्याचा चेहरा झाला.

"निरोप कापणारे इथे एक नाहीत, एकोणचाळीस प्रकारचे आहेत," तो म्हणाला. "प्रत्येकाची कापायची जागा वेगळी. व्हिब्रिओनं शेपूट बदललं तरी कुणीतरी डोक्याकडून कापतोच. आणि हे इथलेच, आपल्या खाडीचे. कधीपासूनचे देव जाणे."

"मग झालं तर. दहाही तळ्यांना देऊ."

तेव्हा त्यानं मला जैवसुरक्षा प्राधिकरणाचा हुकूम सांगितला. रविवारी दुपारी बाराला क्लोरीनचे टँकर येणार होते. खाडीपट्टा पूर्ण निर्जंतुक करायचा, अकराही तळी. आमचं निरोगी आहे याला काही अर्थ नव्हता, ते हद्दीत होतं. पुढच्या वर्षी प्रहरीची नवी आवृत्ती येईल आणि मग सगळं पुन्हा सुरू होईल. मधल्या काळात आम्ही काय खावं हे हुकुमात नव्हतं. खड्डाही जाणार होता. आता त्यावर फळी टाकून भागणार नव्हतं.

"नोंद नसलेला जिवाणू दुसऱ्याच्या तळ्यात सोडलास तर परवाना जाईल, ताई. कायमचा."

"मग नोंद करा ना."

"नोंद एका शुद्ध जातीची होते. हे मिश्रण आहे. याला अर्जात रकानाच नाही."

मी त्याला विचारलं की पाच वर्षं अहवालात काय लिहीत होतास. 'तळ पूर्ण कोरडा', तो म्हणाला. आमच्या एकट्याच्याच का, असं विचारल्यावर मात्र त्यानं हात धुतले आणि म्हणाला, अप्पा वाट बघत असतील.

आमचे अप्पा म्हणजे दत्तारामबुवा नागवेकर. अठ्ठ्याहत्तरी ओलांडलेली, एका फुप्फुसाचं काम निम्मं, पण उभे राहिले आणि चिपळी वाजली की आवाज खाडीपलीकडे जातो. तीस वर्षं मी त्यांच्या मागे पेटीवर बसतेय. कीर्तन ही माणसाला सुधारायची रीत आहे असं लोक म्हणतात, पण मला ती माणसाला उघडायची रीत वाटत आलीय. बंद मुठीनं आलेला माणूस टाळी वाजवायला तरी मूठ सोडतोच.

मी अप्पांना सगळं सांगितलं. ते उपरण्याचा काठ सरळ करत बसले. मग एकच प्रश्न. गुणाच्या तळ्यात राखणेचा खड्डा उरला नाही का?

मी म्हटलं, काका म्हणतात की कंपनी आली त्याच वर्षी सिमेंटनं बुजवला. दहाही जण तसंच म्हणतात.

अप्पा खोकल्यासारखं हसले. "गुणा बायकोला भितो, तिच्याहून जास्त राखणदाराला. तो सिमेंट घालील होय?"

पाचव्या दिवशी दुपारच्या कीर्तनात पूर्वरंग नेहमीसारखा झाला. बुक्का लागला, हार झाला, आणि उत्तररंगात अप्पांनी काल्याचं आख्यान लावलं. ते रविवारचं आख्यान, तीन दिवस आधीच. मी पेटीवरून चमकून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

यमुनेच्या काठी सगळे गोपाळ शिदोऱ्या सोडून बसलेत, अप्पा सांगत होते. कुणाकडे लोणी, कुणाकडे दहीभात. एका पोराच्या घरी काहीच नव्हतं, आईनं रात्रीचा शिळा तुकडा बांधून दिलेला. त्यानं तो पाठीमागे लपवला. अप्पा थांबले, आणि मृदंगवाल्या विनूनं हात उचलून धरला.

"देवाचा हात पहिल्यांदा कुठे गेला सांगा. लोण्याकडे? लोणी त्याच्या घरी रांजणानं होतं. हात गेला तो लपवलेल्या तुकड्याकडे. म्हणाला, हा घातल्याशिवाय काला होत नाही. वेळंब्यात कुणी काय लपवलंय ते मला ठाऊक नाही, विचारतही नाही. यंदा काल्याचे दहीपोहे मी घालीन. तुम्ही ते आणा."

 मंडपात गुणाकाकांच्या बायकोनं काकांकडे हळूच मान वळवली, आणि काका छताच्या पताका मोजू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या मागे पहिले आले ते काकाच. लोणच्याची चिनी मातीची बरणी, आत काळाभोर ओला चिखल.

"सिमेंट?" मी विचारलं.

"घातलं होतं. वरून. पातळ."

दुपारपर्यंत दहा भांडी आली. डबा, कळशी, एक तर मुलीच्या रुखवतातली फुलदाणी. प्रत्येकजण आपण एकटेच पापी अशा समजुतीत नऊ वर्षं जगला होता, आणि समोर दुसऱ्याची बरणी पाहून आधी चिडत होता, मग हसत होता. खड्डे सगळ्यांनी राखले होते, सोडली होती फक्त पाच तांबे देण्याची रीत. कंपनीच्या पाण्यात आपलं चिखलपाणी कशाला, या संकोचानं. आमच्याकडे अप्पांचा हट्ट होता, म्हणून आमचं तळं वाचलं. फरक एवढाच.

मी लपवाछपवी ठेवली नाही. परवाना जाईल, कायमचा जाईल, हे सगळ्यांना बसवून सांगितलं. मोरेश्वर विलणकर आपली कळशी उचलून निघूनही गेले. मला त्यांचा राग आला नाही, त्यांच्या घरात शिकणारी तिघं आहेत. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी ते परत आले. कळशी होतीच, वर गुळाची ढेप होती.

देवळामागे चार निळी पिंपं लावली. खाडीचं गाळलेलं पाणी, तांदळाचा कोंडा, गूळ, आणि अकरा खड्ड्यांची माती. दही लावायचं त्याच विद्येनं. गूळ-कोंडा खाऊन ते जीव दोन दिवसांत कोटींनी वाढतात. सप्ताहाचं स्वयंपाकघर शेजारीच होतं, त्यामुळे एका चुलीवर आमटी आणि पलीकडे हे. वास कुठला कुणाचा, कळेना.

शनिवारी दुपारी श्रीरंग आला. तो पिंपांसमोर येऊन उभा राहिला.

"हा गुन्हा आहे," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं.

त्यानं बाही वर केली, पिंपात कोपरापर्यंत हात घातला, तळाचं पाणी ओंजळीत घेऊन हुंगलं. मी त्याच्या तोंडून टँकरचं वेळापत्रक ऐकायच्या तयारीत होते. तो म्हणाला, "हवा कमी पडतेय. तळाला सडेल." मग स्वतःच जाऊन गुणाकाकांच्या तळ्यावरचे हवेचे पंप काढून आणले आणि चार पिंपांत नळ्या सोडल्या. मी विचारलं, खाडीच्या तोंडाकडची तळी जास्त खारट आहेत, त्यांचं वेगळं करायला नको का? तो म्हणाला, नको, एकत्रच असू दे. ज्या तळ्याचं पाणी जसं, तिथे त्यातले तसे जीव टिकतील, बाकीचे आपोआप मागे सरतील. कुणाला कुठे बसवायचं ते पाणी ठरवतं, आपण फक्त सगळ्यांना बोलवायचं.

नोकरीचं काय, हे मी विचारलं नाही. त्यानंच सांगितलं, नळीला गाठ मारता मारता. पाच वर्षांत त्यानं दर पिकाला अकराही तळ्यांच्या अहवालात 'पूर्ण कोरडा' लिहिलं होतं. अकराही खड्डे त्याला ठाऊक होते. लहानपणी त्यातल्या सात खड्ड्यांत तो पडला होता.

रविवारी सकाळी काल्याचं कीर्तन झालं, दहीहंडी फुटली. प्रत्येक घरानं एका हातात पोह्यांचा प्रसाद घेतला आणि दुसऱ्या हातात पिंपातली बादली. साडेअकरापर्यंत अकराही तळ्यांत काला पडला होता.

आता आमच्या सप्ताहातली एक रीत सांगते. सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, ज्याच्याकडे वीणा त्याचा पहारा. काला झाला की ती देवासमोर उतरवायची आणि सप्ताह संपला. त्या रविवारी काला झाला, सगळे वाट बघत राहिले, पण अप्पांनी वीणा उतरवली नाही. ती गळ्यात तशीच ठेवून ते देवळाबाहेर पडले आणि तळ्यांकडे जाणाऱ्या बांधाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. आम्ही टाळ घेऊन मागे.

बाराला तीन टँकर आले. पहिल्या टँकरचा चालक उतरला, त्यानं पायातले बूट आधी काढले आणि मग विचारलं की काय चाललंय.

"सप्ताह चाललाय," अप्पा म्हणाले. "संपला की वाट मोकळी."

"कधी संपणार, बुवा?"

"गुणाचा ट्रे रिकामा आला की."

चालकानं श्रीरंगकडे पाहिलं. निर्जंतुकीकरण सुरू करायला कंपनीच्या तज्ज्ञाची सही लागते. श्रीरंगनं त्याच्या हातातली सहीची पाटी घेतली, तिच्यावर पोह्यांचा द्रोण ठेवला आणि परत दिली. चालकानं प्रसाद खाल्ला. कंपनीचा फोन त्याच दुपारी आला आणि श्रीरंग निलंबित झाला. दुसऱ्या तज्ज्ञाला पाठवतो म्हणाले. पण सगळा किनारा आजारी होता आणि तज्ज्ञ मोजके. त्याला यायला पाच दिवस लागले.

ते पाच दिवस वीणा बांधावर होती. अकरा घरांनी पहारे वाटून घेतले. सोमवारी कोळंबी मरतच होती. मंगळवारीही. विलणकर वीणा गळ्यात घेऊन उभे असताना त्यांच्याच तळ्यातून मेलेल्या कोळंबीची पाटी वर आली. त्यांनी ती पाहिली, पण त्यांचा ताल चुकला नाही. मी मात्र तेव्हा मनातून डळमळले. वाटलं, गावाच्या गळ्यात आपण काय बांधलं हे. बुधवारी मेलेल्यांचा आकडा कमी झाला. गुरुवारी गुणाकाकांचा ट्रे अर्धा आला.

शुक्रवारी उजाडताच नवा तज्ज्ञ आणि त्याच्यासोबत जैवसुरक्षा प्राधिकरणाच्या कुलथे मॅडम आल्या. मॅडम लातूरकडच्या, मुद्देसूद आणि सभ्य. त्यांनी अकराही तळ्यांचे नमुने स्वतः घेतले, यंत्रात घातले आणि बांधावरच खुर्ची टाकून बसल्या. व्हिब्रिओ होता, पण तो मुका झाला होता. निरोप कुठेच पोचत नव्हता. आजारच नाही म्हटल्यावर आजाराच्या कलमाखालचा हुकूम गळून पडला. हे मॅडमनी प्रामाणिकपणे सांगितलं. मग म्हणाल्या, गुन्हा मात्र आहे. नोंद नसलेले जिवाणू सोडलेत. ज्या तळ्यातून ते आले त्याचा परवाना रद्द होईल आणि त्या एका तळ्याला क्लोरीन मारावं लागेल.

"मूळ कोणत्या तळ्यातलं हे? नमुन्यांवरून कळत नाही. सगळीकडे सगळेच आहेत, फक्त प्रमाण वेगळं."

मी पुढे झाले. रात्रभर हे वाक्य मी मनात घोळवलं होतं. "माझ्या तळ्यातलं."

"खोटं बोलते ती," गुणाकाका म्हणाले. वीणा त्या वेळी त्यांच्या गळ्यात होती. "माझ्यातलं. बरणीसकट दाखवतो."

"बरणी काय दाखवता," विलणकर म्हणाले, "मी कळशी दिलीय."

मग काकी म्हणाल्या, फुलदाणीवाल्या सुर्वेबाई म्हणाल्या, आणि अकरा घरांचा आवाज एकावर एक चढत गेला. अप्पा मागे बांधाजवळच्या ओट्यावर बसून डोळे मिटून ऐकत होते. मॅडमनी हात वर केला, गोंगाट थांबेपर्यंत वाट पाहिली आणि हातातली पाटी आमच्याकडे वळवली.

"हे बघा, इथे एकच जागा आहे. मला एकाचंच नाव लिहिता येतं."

श्रीरंग इतका वेळ एका बाजूला उभा होता. तो येऊन माझ्या शेजारी उभा राहिला.

"मग रकाना वाढवा, मॅडम," तो म्हणाला. "अकरा तळी, आणि बारावा मी. खड्डे मी लपवले."

मॅडम पाटीकडे बघत राहिल्या. त्यांनी काही लिहिलं नाही, काही खोडलंही नाही.

तेवढ्यात आठ वाजले. गुणाकाका वीणा सांभाळत तळ्याच्या कडेला गेले आणि एका हातानं दोरी ओढू लागले. ट्रे वर आला, पाणी निथळलं. काकांनी तो उलटा करून सगळ्यांना दाखवला. एक दाणा नव्हता.

ते ओट्यापाशी आले, वाकले, आणि अप्पांनी त्यांच्या गळ्यातली वीणा उतरवून घेतली.